बाबासो मिस्त्री आणि दोन चिपा

बाबासो कांबळे कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी टेबलावरून तळहात फिरवतात. टेबल नसेल तर खिडकीचा कट्टा, तोही नसेल तर खुर्चीचा हात. घरच्या बाईला वाटतं, पाहुणे धूळ बघतायत. ती घाईनं फडकं आणते. मग बाबासोंच्या बायकोला, तानाबाईंना, लाजून सांगावं लागतं, "धुळीचं न्हवं हो. त्यांचा हातच तसा हाय. आमच्या पोळपाटाला बी सोडत न्हाईत."

ही सवय हाताला चौतीस वर्षांत लागली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ, म्हणजे लोखंड कातायची यंत्रं, तयार करणाऱ्या एका कारखान्यात बाबासो स्क्रेपिंगचे मिस्त्री होते. लेथचा बेड म्हणजे त्या यंत्राचा ओतीव लोखंडाचा पाया; त्या ओतिवाला कास्टिंग म्हणतात. त्याच्यावरून बाकीचे भाग सरकतात, म्हणून तो पक्का सपाट लागतो. मशीनवर घासून आलेला बेड डोळ्यांना सपाटच दिसतो, पण तसा नसतो. सरफेस प्लेट नावाच्या सपाट लोखंडी पाटाला निळा लेप लावायचा, तो पाट बेडवर सरकवायचा, आणि जिथं निळा डाग उठेल तेवढीच जागा हातातल्या पात्यानं खरवडायची. पुन्हा लेप, पुन्हा पाट, पुन्हा डाग. केसाच्या दहाव्या भागाएवढी उंची काढण्यासाठी माणूस आठ आठ दिवस एका बेडवर वाकून असतो. शेवटी शेवटी बाबासोंना लेपाची गरज उरली नव्हती. तळहात फिरवून ते म्हणत, "हितं हाय." मग लेप लावला की डाग तिथंच उठे.

मालक गणपतराव माणूस वाईट नव्हते. पगार वेळेवर देत, आजारपणात घरी माणूस पाठवत. पण बाबासोंचा बेड तपासणीत उत्तम निघाला की ते सगळ्यांदेखत हसून म्हणत, "बाबासोच्या वाट्याला कास्टिंगच चांगली येतात." दुसऱ्या कुणाचा बेड चांगला निघाला तर म्हणत, "हात आहे पोराचा." त्या कारखान्यात कांबळे आडनावाचा दुसरा मिस्त्री नव्हता. बाबासो तिथं कधी काही बोलले नाहीत. घरी येऊन हातपाय धुताना एवढंच म्हणत, "कास्टिंग समद्यांना एकाच गाडीतनं येत्यात."

म्हणून टेंबलाईवाडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत नशीब हा शब्द फारसा कुणी काढत नाही. मुलगी बारावी पहिल्या वर्गात पास झाली तेव्हा शेजारीण कौतुकानं म्हणाली, "नशीब काढलं पोरीनं." बाबासो हातातला पेढा तसाच ठेवून बाहेर जाऊन उभे राहिले. तानाबाईंनी शेजारणीला दुसरा पेढा दिला आणि विषय बदलला.

त्या मुलीचं नाव संघप्रिया. आता ती सत्तावीस वर्षांची आहे. एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ती करारावर सहायक होती. करार दर मे महिन्यात संपायचा आणि जूनमध्ये पुन्हा व्हायचा. यंदा मात्र फेब्रुवारीतच तिला सांगण्यात आलं होतं, की जूनमध्ये तो होणार नाही.

हाताच्या बाबतीत ती बापावर गेली आहे. लोखंडाऐवजी तिनं प्रोसेसर धरला, एवढाच फरक. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरच्या आतली मुख्य चिप, सगळी आकडेमोड तिच्यात होते. कंपनी तिला एक वेग ठरवून देते. त्याच्यापेक्षा जास्त वेगानं तिला पळवणं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पळवली की चिप तापते. वीज कमी पडली तर मशीन गोठतं, जास्त झाली तर चिप जळते. म्हणून तिला गार ठेवायचं, वीज अगदी थोडी थोडी वाढवायची आणि ती कुठवर दम धरते ते बघायचं. पुष्कळ मुलं हे हौसेनं करतात. त्याच्या स्पर्धाही असतात.

संघप्रियाला या नादाला लावलं शिफा शिकलगारनं. शिफा तिची शाळेपासूनची मैत्रीण. शाहूपुरीत तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तिचा आवाज दुकानाबाहेरच्या रिक्षावाल्यालाही पुरतो. कागलचं एक नेट कॅफे बंद पडलं तेव्हा तिनं तिथली जुनी मशीनं उचलली. त्यांत एकाच जातीचे, एकाच वर्षीचे दोन प्रोसेसर निघाले. दोघांचाही कंपनीचा वेग चार हजार मेगाहर्ट्झ. पण पळवायला घेतले तर एक पाच हजारांपर्यंत सहज जाई आणि दुसरा चार हजार आठशेला मान टाकी. काही करा, त्याच्या पुढं नाही.

"काका, ह्यात हात-बित काय नसतंय," शिफा बाबासोंना सांगे. "मी सांगतो तुम्हाला. वरनंच तसं येतंय. एका तव्यावरच्या दोन भाकरी. एक फुगती, एक न्हाय."

"जाळ बघितलास?" बाबासो विचारत.

"चिपला कुठला आलाय जाळ?"

"मग पीठ कुणी मळलं?"

"काका, तुमच्याशी वाद म्हंजे भिंतीशी कुस्ती. चा ठेवा, काकी."

मागच्या वर्षी संघप्रिया पुण्याच्या स्पर्धेला गेली ती अर्थात त्या चांगल्या चिपेला घेऊन. जुन्या प्रोसेसरांच्या गटात ती तिसरी आली. ही स्पर्धा पुण्यातली एक प्रयोगशाळा भरवते. कॉम्प्युटरचे भाग बाजारात जाण्याआधी तिथं तपासले जातात. स्पर्धेतून दरवर्षी एकाला ते नोकरीवर घेतात. प्रयोगशाळेचे प्रमुख यशराज सर तिच्या टेबलापाशी आले. त्यांनी चिपवरच्या धातूच्या टोपीवर छापलेला नंबर बघितला, मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि चांगल्या मनानंच म्हणाले, "हा फार नामी लॉट आहे. चिप छान लागली तुम्हाला. पण आम्हाला चिप नोकरीवर घेता येत नाही. पुढच्या वर्षी परत या."

घरी येऊन संघप्रियानं फक्त तिसरी आल्याचं सांगितलं. उरलेलं शिफानं सांगितलं. बाबासोंनी ताट पुढं सरकवलं. "भाकरी करपली हाय," ते म्हणाले. भाकरी करपली नव्हती.

यंदाची स्पर्धा मे महिन्यातल्या एका रविवारी होती. नोकरी जाणार हे ठरलेलं होतं, म्हणून यंदा तिथं नुसतं जाऊन येण्यात अर्थ नव्हता. यशराज सरांना तिचा हात दिसायला हवा होता. तो कसा दाखवायचा, हे मात्र तिला समजत नव्हतं. चांगली चिप नेली तर पुन्हा चिपचंच नाव होणार. वाईट नेली तर आकडाच येणार नाही. शेवटी तिनं चांगलीच चिप न्यायची ठरवली, आणि आणखी शंभरेक आकडा तिच्यातून काढता येतो का ते बघायचं ठरवलं.

गुरुवारी संध्याकाळी ती चिप तळहातावर घेऊन बाबासोंपुढं बसली.

"आबा, ह्याच्यावर ही धातूची टोपी हाय न्हवं, हिच्यावर गार पाण्याचा तांब्याचा ठोकळा बसतोय. दोन्ही एकमेकांला नीट चिकटलं तर ताप जातोय. टोपी सपाट करून देताय का?"

बाबासोंनी चष्मा लावला. त्यांच्या तळहाताला ती वस्तू फारच लहान होती. अंगठा फिरवून ते म्हणाले, "आता न्हाय कळायचं. प्लेटवर घेतल्याबिगार बोलायचं न्हाय." आवाज साधाच होता. पण निवृत्त झाल्यापासून कुणी त्यांना काम सांगितलं नव्हतं, आणि लेकीनं तर कधीच नाही.

"ही शाईच्या ठिपक्याची, चांगली," संघप्रियानं दाखवलं. "खालच्या पिना तेवढ्या सांभाळा. एक वाकली तरी संपलं."

शुक्रवारी तिला परीक्षेची ड्यूटी होती. ती गेल्यावर बाबासोंनी पलंगाखालची सरफेस प्लेट काढली. फूटभर लांबी-रुंदीची ती प्लेट निवृत्तीच्या दिवशी गणपतरावांनीच दिलेली. तिच्यावर झिरो नंबरचा पॉलिश पेपर अंथरून त्यांनी चिप उलटी धरली आणि दोन हात मारले. लगेच थांबले. बोटाएवढा जॉब, म्हणजे घासायची वस्तू, हाताखाली डुगडुगत होता. डुगडुगला की कडा झिजून गोल होतात आणि मध्ये पोट राहतं. असल्या बारीक जॉबला उद्यमनगरात जोडीदार देतात. एका लाकडी चौकटीत दोन जॉब शेजारी शेजारी बसवायचे, म्हणजे एकाला दुसऱ्याचा आधार होतो. पन्नास हात झाले की चौकट फिरवायची आणि दोघांच्या जागा बदलायच्या, म्हणजे हाताचा जोर एकाच बाजूला जात नाही. चौतीस वर्षं त्यांनी असंच केलं होतं.

जोडीदार घरात होताच. टेबलाच्या खणातून त्यांनी दुसरी चिप काढली. पिनांना जाड स्पंजाची गादी केली. दोन्ही चौकटीत बसवून आधी निळा लेप लावून बघितला. एका टोपीला लेप बऱ्यापैकी सगळीकडं लागला. दुसरीला फक्त चार कोपऱ्यांत लागला, मध्ये कोरी. "खोलगट हाय की बेणं," ते स्वतःशी म्हणाले आणि कामाला लागले.

तीन तास गेले. तानाबाईंनी दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही वेळा तो गार झाला. वरचा चंदेरी थर गेला, खालचं तांबं उघडं पडलं. छापलेली अक्षरं गेली, शाईचा ठिपकाही गेला. मिस्त्रीच्या लेखी जॉबवरची अक्षरं म्हणजे कास्टिंगवरची रेती, ती जायचीच असते. शेवटच्या लेपाला दोन्ही टोप्या काठापासून काठापर्यंत निळ्या उठल्या. पुसून त्यांनी त्या कापसावर ठेवल्या आणि तानाबाईंना हाक मारली.

"तोंड बघ ह्यात."

"बघितलं. म्हातारी झालो मी."

"त्यो टोपीचा दोष न्हवं," बाबासो म्हणाले. दोघंही हसली.

संघप्रिया पाचला आली. दोन्ही चिपा बघून ती आधी हरखली. एक उचलून तिनं उजेडाकडं धरली. मग दुसरी उचलली. मग पुन्हा पहिली.

"आबा, ठिपक्याची कुठली?"

"ठिपका व्हय," बाबासो म्हणाले. "त्यो निघाला."

"मग चांगली कुठली?"

त्यांनी चौकटीकडं बघितलं. किती वेळा जागा बदलल्या होत्या, ते त्यांनाही सांगता येणार नव्हतं. आता कुठं त्यांच्या लक्षात आलं. दुपारभर प्लेटवर अलगद फिरलेला हात त्यांनी मांडीवर ठेवला.

"दोन्ही सारख्याच झाल्यात की गं," ते हळू म्हणाले.

तिनं दोन्ही चिपा कापसावर परत ठेवल्या. म्हणाली, "व्हय. लई चांगल्या झाल्यात आबा." आणि आतल्या खोलीत गेली. ती ओरडली असती तर बाबासोंना बरं वाटलं असतं.

कुठली कुठली ते मशीनवर लावून बघणं सोपं होतं. पण मशीन कोल्हापुरात नव्हतं, आणि त्या जुन्या पिनांचा दुसरा चालू बोर्ड शिफाच्या दुकानातही नव्हता. बोर्ड, पंप, बर्फाची बादली, सगळं सामान शिफाच्या मामाच्या टेम्पोतून दुपारीच पुण्याला निघालं होतं. शिफा संध्याकाळी आली तेव्हा तिला हा सगळा प्रकार समजला. तिनं दोन्ही चिपा खालीवर बघितल्या.

"काका, तुमी तर दोघींची आधार कार्डंच फाडली."

कुणी हसलं नाही, तशी तीच गंभीर झाली. खिशातून पुण्याची दोन तिकिटं काढून तिनं टेबलावर ठेवली. "मी जाणार होतो हिच्याबरोबर. आता तुमीच जावा. घासलंय तुमी, निस्तरा तुमीच."

"मी जाऊन काय करू तितं?"

"बसा. तुमी बसलासा की ही घाई करत न्हाय. शाळेपास्नं बघतोय मी."

रविवारी पहाटेची एस.टी. धरून बापलेक निघाली. संघप्रिया खिडकीशी बसली होती, डबीतल्या दोन चिपा मांडीवर. कऱ्हाड मागं पडलं. मग ती म्हणाली, "जाऊ दे आबा. न्हाय तर न्हाय. नशी..." आणि तो शब्द अर्धाच सोडून ती बाहेर बघू लागली.

बाबासो थोडा वेळ समोरच्या सीटचा दांडा चाचपत राहिले.

"मी मिस्त्री कसा झालो, म्हाईत हाय तुला?"

"गैबी मिस्त्रींनी शिकवलं. कितींदा सांगितलंय."

"का शिकवलं ते न्हाय सांगितलं."

तिनं वळून बघितलं.

"मी कास्टिंग उचलायला होतो तितं. हमालच की. गैबी मिस्त्रींच्या हाताखाली शिरोळचा एक गडी हुता. पावसाळ्यात त्यो गावाकडं गेला आनि किष्णेला पानी आलं. अडकला तितंच. हिकडं बेड तर द्यायचा हुता. मिस्त्रींनी हिकडं तिकडं बघितलं. समोर मी. म्हनले, ए, ह्याला धर." बाबासोंनी घसा साफ केला. "नऊ दिवस पानी उतरलं न्हाय. नऊ दिवस मी धरलं. धाव्या दिवशी त्यो आला तर मिस्त्री त्याला म्हनले, तू आता दुसरीकडं बघ. पानी चार दिवसांत उतरलं असतं, तर मी आजपतूर कास्टिंगच उचलली असती."

"हे कधी सांगितलं न्हाईत."

"कसं सांगू? मालक बी तेच म्हनत होते न्हवं. नशिबाचं हाय म्हनून."

एस.टी. एका नाक्यावर थांबली. संघप्रियानं विचारलं, "मग हात?"

"हात त्याच्या फुडचा. धरायला मिळालं ते पान्यानं. फुडं सोडलं न्हाय ते मी." ते पुढं म्हणाले, "पन पान्याचं नाव घ्याया पायजे होतं मी. घेतलं न्हाय. मालकांचा राग हुता म्हनून."

संघप्रियानं बापाच्या हातावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. तिला आठवत होतं तसं, घरात त्या विषयावर हे इतकं बोलणं पहिल्यांदाच झालं होतं. गाडी हलली. बाबासोंना वाटलं, आता सांगायला लागलोच आहोत तर सगळंच सांगावं.

"आनि दुसरं एक. त्यातल्या एका टोपीच्या पोटात खड्डा होता."

"कसला खड्डा?"

"खोलगट. लेप नुसता कोपऱ्यांला लागत हुता. मधी कोराच. दुसरीला न्हवता. एक तास जास्त गेला त्याच्यापायीच."

संघप्रिया ताठ बसली. मधल्या भागाखालीच तर चिपचा तापणारा गाभा असतो. तिथं खड्डा असेल तर ठोकळा कितीही गार असो, ताप जाणार कुठून? ज्या चिपेला ती दोन वर्षं वाईट म्हणत होती, तिची टोपी तिनं एकदाही पाटावर टेकवून बघितली नव्हती. शिफा म्हणाली वरनंच तशी आली, आणि तिनंही ते मानलं होतं. चार हजार आठशे हा त्या चिपचा दम होता, की नुसत्या त्या खड्ड्याचा?

"खड्ड्याची कुठली?" तिनं विचारलं.

"आता कसं सांगू? तूच सांग."

तिला हसू आलं. ती मोठ्यानं हसली, पुढच्या सीटवरचे प्रवासी मागं वळून बघेपर्यंत. "मग दोन्ही लावते," ती म्हणाली. "नीट. दोन्हीला सारखा वेळ देऊन."

"तीनच तास असत्यात म्हनलीस न्हवं?"

"व्हय. एकीला दीड. नंबर गेला तर गेला."

स्पर्धा एका मोठ्या सभागृहात होती. वीस-बावीस टेबलं, प्रत्येकावर उघडं मशीन, बर्फाच्या बादल्या, नळ्या, वायरी. बाबासोंना मागच्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची मिळाली. पडद्यावरचं त्यांना काही समजत नव्हतं, म्हणून ते लेकीचे हात बघत बसले.

पहिली चिप तिनं बसवली. ठोकळा आवळताना एक स्क्रू अर्धा, मग समोरचा अर्धा, मग तिरका. त्यांना ते पटलं. शेजारच्या टेबलावरचा मुलगा आकडा भराभर चढवत होता, मशीन गोठलं की टेबलावर हात आपटत होता आणि पुन्हा तेवढाच चढवत होता. संघप्रिया थोडं वाढवायची, मग थांबायची. पंपावर बोट टेकवून बघायची. नळीवर साचलेलं पाणी फडक्यानं टिपायची. गोठलं तर एक पाऊल मागं यायची, वहीत लिहायची आणि वीज वाढवण्याऐवजी कधी कधी चक्क कमी करायची. कपाळावर आठी नाही, घाई नाही. बाबासोंच्या मनात आलं, ही लेप लावून डाग बघतीय. हे त्यांनी तिला कधी शिकवलं नव्हतं.

दीड तासानं पहिल्या चिपचा आकडा पाच हजार पंचाहत्तरवर थांबला. मागच्या वर्षीपेक्षा जास्त. अजून थोडी जागा असावी असं तिला वाटलं. शेजारचा मुलगा म्हणालाही, "अगं, सोडू नकोस, वरचा नंबर येईल." तिनं घड्याळ बघितलं, मशीन बंद केलं आणि ठोकळा सोडवायला घेतला.

दुसऱ्या चिपेला चार हजार आठशेपर्यंत नेताना तिचा हात पहिल्यांदा जरा अडखळला. बाबासो खुर्चीवर पुढं सरकले. मशीन चालू राहिलं. चार हजार नऊशे. पाच हजार. ते चालूच होतं. पाच हजार तीसला ते गोठलं. ती मागं आली, वीज एका कणानं कमी केली, पुन्हा तीसवर गेली, आणि ते टिकलं. चाळीसला मात्र ते काही केल्या टिकेना. तिनं पाच वेळा प्रयत्न केला. वेळ संपल्याची घंटा झाली.

यादी लागली तेव्हा ती चौथी होती. मागच्या वर्षीपेक्षा एक नंबर खाली. तिनं यादी एकदाच वाचली आणि सामान आवरायला लागली. बाबासो उठून तिच्याजवळ गेले. त्यांनी बादली उचलली.

तेवढ्यात यशराज सर आले. त्यांच्या हातात कागद होता. "तुमच्या नावावर दोन आकडे आहेत. दोन चिपा का लावल्या? एकीवर पूर्ण वेळ दिला असता तर दुसऱ्या आला असतात."

"ह्यातली एक गेली दोन वर्षं चार हजार आठशेच्या वर जात नव्हती, सर. मला ते कारण बघायचं होतं."

"कुठली ती?"

"माहीत नाही. नंबर घासले गेले."

त्यांनी एक चिप घेतली, खिशातली लहान पोलादी पट्टी तिच्यावर उभी धरली आणि डोळ्यासमोर नेऊन फटीतून उजेड येतो का ते बघितलं. पट्टी फिरवून आडवी धरली, तिरकी धरली. कुठूनच येत नव्हता. दुसऱ्या चिपेचंही तसंच केलं.

"कारण सापडलं?"

"एकीच्या टोपीत खड्डा होता. माझ्या वडिलांनी काढला. दोघींत दोनशेचा फरक होता, तो पंचेचाळीसवर आला." तिनं वहीतल्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे पंचेचाळीस चिपचेच असणार. मला नाही काढता आले. पण वरचे दीडशे मी दोन वर्षं नशीब म्हणून सोडून दिले होते. तपासलंच नव्हतं. ती माझी चूक."

यशराज सर कागदाकडं बघत राहिले. मागच्या वर्षी त्यांनी स्वतःच मोबाइलवर नंबर शोधून निकाल दिला होता, ते त्यांना आठवत असावं. ते बाबासोंकडं वळले. "काका, हे तुम्ही केलं?"

"तिनं एकच सांगितली हुती," बाबासो बादली घेऊन उभ्या उभ्या म्हणाले. "दुसरी मी आगाऊपना करून घासली."

सर हसले. मग संघप्रियाला म्हणाले, "आमच्याकडं रोज हेच काम असतं. अमुक भाग का चालत नाही, ते शोधायचं. बहुतेक जण तुम्ही केलंत तेच करतात, नशिबावर ढकलतात. फक्त नंतर ते कबूल करत नाहीत. एक जूनला रुजू होऊ शकाल?"

"होईन," ती म्हणाली. एवढंच.

बाहेर रस्त्याच्या कडेला चहाची गाडी होती. संघप्रियानं आधी शिफाला फोन लावला. पलीकडचा आवाज गाडीवरच्या सगळ्यांनी ऐकला. मग तिनं घरी लावला. तानाबाई म्हणाल्या, "जेवलासा का?" मग म्हणाल्या, "पुण्यात ऱ्हाणार कुठं तू?" संघप्रिया म्हणाली, "आई, अजून पंधरा दिवस हायत. ऐकतीयास न्हवं?"

बाबासोंनी दोन चहा सांगितले. लेकीकडं बघत ग्लास घेताना चहा त्यांच्या बोटांवर सांडला. त्यांनी ग्लास दुसऱ्या हातात घेतला. चौतीस वर्षांत कुठल्या बेडवर तो हात असा चुकला नव्हता. त्यांनी चहावाल्याकडं पाठ केली, कुणी बघू नये म्हणून.

संघप्रियानं फोन खिशात टाकला. तिनं बापाच्या हातातून ग्लास घेतला, गाडीच्या फळीवर ठेवला आणि भाजलेली बोटं ओढणीनं पुसली. बोटं मग तिनं सोडली नाहीत.

"गरम हाय," बाबासो म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "निवू दे. आपल्याला घाई न्हाय."